शुश्रूषागृहाचा कारभारी

‘नर्सिंग होम’ हे दोन शब्द आपल्या इतके ओळखीचे आहेत की त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. गावातल्या मुख्य रस्त्यावर एक दुमजली इमारत, खाली औषधाचे दुकान, वर दहा-पंधरा खाटा, आणि पाटीवर डॉक्टरांचे नाव व त्यापुढे पदव्यांची मालिका. बाळंतपण, अपेंडिक्स, मोडलेले हाड अशी कामे तिथे होतात. माणूस चार दिवस राहतो आणि घरी जातो. अमेरिकेत मात्र हेच दोन शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निराळेच चित्र उभे राहते. तिथले नर्सिंग होम म्हणजे मुख्यतः अशा वृद्धांचे ठिकाण, की ज्यांना आता स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, अंथरुणातून उठता येत नाही, कित्येकदा पोटच्या मुलाचे नावही आठवत नाही. महिनोन्महिने, वर्षानुवर्षे माणसे तिथे राहतात आणि पुष्कळांचा शेवटही तिथेच होतो. आपला वृद्धाश्रम आणि आपला दवाखाना यांच्या मधली ही जागा. तिला आपण शुश्रूषागृह म्हणू.

अशा घराचा कारभार पाहणारा जो मुख्य माणूस, त्याच्याविषयी मला आज बोलायचे आहे. इंग्रजीत त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपल्या भाषेत कारभारी म्हटले तर अर्थ अधिक नेमका कळेल. हा माणूस बहुधा डॉक्टर नसतो. पण स्वयंपाकघरात दूध किती यायचे, रात्रपाळीला किती माणसे ठेवायची, मागचा दरवाजा कुलूपबंद असावा की उघडा, छप्पर गळते त्याचे काय करायचे, हे सगळे त्याच्या हातात. डॉक्टर येतो, तपासतो आणि जातो. उरलेला सारा दिवस आणि सारी रात्र म्हातारी माणसे जगतात ती या कारभाऱ्याच्या भरवशावर.

आता गंमत पाहा. वैद्यकीचा धंदा करणाऱ्याला परवाना हवा असे म्हणण्याचा घटक राज्याचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली मान्य केला. १८९७ साली मिनेसोटा राज्याने केस कापणाऱ्या कारागिरांनाही परवाना लागू केला, आणि मग एकामागून एक राज्याने त्याचे अनुकरण केले. हातात वस्तरा धरायचा तर आधी परीक्षा द्या, स्वच्छता येते हे दाखवा. हे योग्यच झाले. पण शंभर म्हाताऱ्यांचा जीव ज्याच्या हाती, त्या शुश्रूषागृहाच्या कारभाऱ्याला त्यानंतरची सत्तर वर्षे ‘तू कोण, तुला काय येते?’ असे सहसा कोणी विचारले नाही. का विचारले नाही, आणि मग साऱ्या देशाने ते एकदमच का विचारले, यामागे मोठा इतिहास आहे.

या इतिहासाची सुरुवात गरीबखान्यात होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निराधार म्हाताऱ्यांना काउंटीच्या ‘पुअर-हाऊस’मध्ये ठेवीत. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. त्या घरात म्हातारे, वेडे, अपंग, दारूडे, अनाथ मुले असा सगळा संसार एका छपराखाली असे. न्यू इंग्लंडच्या कित्येक गावांत तर त्याही आधी निराधारांचा चक्क लिलाव होई. पण उलटा लिलाव! जो कमीत कमी पैशांत या माणसांना पोसायला तयार, त्याच्या पदरात गाव त्यांना घाली. जो सगळ्यांत कमी खर्च करील तोच सगळ्यांत लायक, असा हा हिशेब. लिलाव पुढे बंद पडले, पण हा हिशेब मेला नाही. शुश्रूषागृहांच्या पुढच्या सगळ्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसतो.

१९२९ नंतरच्या मंदीत लक्षावधी माणसांची बचत बुडाली, आणि १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. गरजू वृद्धांना दरमहा साहाय्य द्यायचे, त्यातला निम्मा भार एका मर्यादेपर्यंत मध्यवर्ती सरकारने उचलायचा, अशी योजना त्यात होती. परंतु कायदा करणाऱ्यांना गरीबखान्याचा मनस्वी तिटकारा होता. म्हणून त्यांनी एक कलम घातले, की सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला हे साहाय्य मिळणार नाही. हेतू उदात्त. गरीबखाने ओस पडावेत, म्हातारी माणसे आपल्या घरी, आपल्या माणसांत राहावीत.

मग काय झाले? ज्यांना घर होते ती घरी राहिली. पण ज्यांना घरच नव्हते, किंवा घर असून करणारे कोणी नव्हते, त्यांनी कुठे जायचे? सरकारी संस्थेत राहिले तर पैसे बंद. खासगी जागेत राहिले तर पैसे चालू. म्हणजे त्या महिन्याच्या साहाय्यावर जगणारी एक नवी खासगी वस्तू जन्माला येणार, हे उघडच होते, आणि ती आली. कोणा विधवा बाईचे मोठे घर असे, मंदीत खोल्या रिकाम्या पडलेल्या असत. ती दोन-चार म्हातारी ठेवून घेई. कोणी निवृत्त परिचारिका असे, कोणी खाणावळ चालवणारे जोडपे. या सगळ्यांना लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांतल्या कित्येकांनी परक्या म्हाताऱ्यांचे आईबापांसारखे केले असेल. पण केले तर ते स्वतःच्या स्वभावाने केले, नाही केले तर विचारणारे कोणी नव्हते. गरीबखाना निदान लोकांच्या मालकीचा होता. त्याची लाज गावाला वाटू शकत होती. या नव्या घरांची लाज कोणाला वाटायची, हे कोणीच ठरवले नव्हते.

पंधरा वर्षांनी, १९५० साली, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, कायदा दुरुस्त केला. सार्वजनिक वैद्यकीय संस्थांत राहणाऱ्यांवरची बंदी उठली, आणि संस्थांवर देखरेख ठेवणारी व दर्जा ठरवणारी यंत्रणा प्रत्येक राज्याने १ जुलै १९५३ पर्यंत उभी करावी, अशी अट आली. इथून शुश्रूषागृहांना परवाना देण्याचे काम सर्व देशभर सुरू झाले. तथापि हा परवाना घराला होता, घर चालवणाऱ्याला नव्हे. राज्याचा निरीक्षक यायचा, खोलीची लांबी-रुंदी मोजायचा, दोन खाटांमधले अंतर पाहायचा, खिडक्या मोजायचा, न्हाणीघर तपासायचा. रुग्णालये बांधायला मध्यवर्ती सरकारचा पैसा १९४६ पासून मिळतच होता. १९५४ साली तो धर्मादाय आणि सार्वजनिक शुश्रूषागृहांनाही मिळू लागला, आणि त्याबरोबर रुग्णालयाच्या नमुन्याचे बांधकामाचे नियम आले. भिंती सुधारल्या, यात शंका नाही.

पण निरीक्षकाच्या हातात शस्त्र कोणते होते? घराचा परवाना रद्द करणे, एवढेच. समजा त्याला चाळीस म्हाताऱ्यांचे एक वाईट घर सापडले. परवाना रद्द केला, घर बंद केले, तर ते चाळीस जण दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जाणार? शेजारच्या गावातले घर भरलेले, मुलगा हजार मैलांवर. म्हणून निरीक्षक ताकीद देई, मुदत देई, मुदत संपली की वाढवून देई. घराला शिक्षा केली तर ती घरात राहणाऱ्यालाच भोगावी लागते, हा पेच वर्षानुवर्षे कोणालाही सुटला नाही. माझ्या मते माणसाला परवाना देण्याची कल्पना बळावली त्याचे एक खरे कारण हे आहे. इमारत आणि माणूस यांना अलग केले, तर इमारत चालू ठेवून माणूस बदलता येतो.

हा सरकारी पेच कागदावर चालू होता, तोवर आगी लागत होत्या.

१७ फेब्रुवारी १९५७, रविवारची दुपार. मिसूरी राज्यातल्या वॉरेंटन या छोट्या गावी केटी जेन नावाच्या वृद्धगृहाला आग लागली आणि ७२ माणसे मेली. सहा वर्षांनी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी पहाटे, ओहायो राज्यातल्या फिचविल गावाजवळचे गोल्डन एज नावाचे शुश्रूषागृह जळाले. तिथल्या ८४ रहिवाशांपैकी ६३ जण गेले. ‘सुवर्णयुग’ असे त्या घराचे नाव! आणि तारीख पाहा. आदल्या दिवशी दुपारी डॅलसमध्ये अध्यक्ष जॉन केनेडी यांचा खून झालेला. सारा देश रेडिओ आणि टेलिव्हिजनसमोर बसून अध्यक्षासाठी रडत होता. ओहायोतल्या त्रेसष्ट म्हाताऱ्यांकडे पाहायला डोळे रिकामे नव्हते. त्यांची बातमी आतल्या पानांत जाऊन पडली.

आग हा अपघात आहे असे आपण म्हणतो. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरात आग लागते, तेव्हा काय काय विचारले जाते? विजेच्या तारा कोणी, कधी तपासल्या? रात्री कामावर किती जण होते? कोणाला उचलून न्यायचे आणि कोण चालत जाईल, हे त्यांना ठाऊक होते का? बाहेर पडायच्या दाराशी काय ठेवले होते? एकाही प्रश्नाचे उत्तर खिडक्या मोजून मिळत नाही. ही सगळी उत्तरे एका माणसाच्या रोजच्या सवयीत असतात.

इकडे वॉशिंग्टनमध्ये १९६१ पासून सिनेटची वृद्धांच्या प्रश्नांसाठी खास समिती काम करीत होती. यूटा राज्याचे सिनेटर फ्रँक मॉस यांनी तिच्या उपसमितीतर्फे शुश्रूषागृहांविषयी सुनावण्या घेतल्या. साक्षी निघाल्या, अहवाल निघाले. पण खरा धक्का दिला तो पैशाने. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी, वृद्ध हॅरी ट्रूमन यांना शेजारी बसवून, मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांच्या कायद्यावर सही केली. मेडिकेअर हा पासष्टी ओलांडलेल्यांचा आरोग्यविमा. मेडिकेड ही गरिबांच्या उपचारांचा खर्च राज्य आणि मध्यवर्ती सरकार यांनी वाटून उचलण्याची योजना. शुश्रूषागृहांकडे पैशाचा ओघ वळला तो मुख्यतः या दुसऱ्या योजनेतून. जिथे विधवा बाईच्या घरातल्या चार खाटा होत्या, तिथे आता भागभांडवल उभारणाऱ्या कंपन्या आल्या.

पैसा सरकारचा, मालक खासगी, आणि कारभारी कोण ते माहीत नाही. ही अवस्था फार दिवस चालणे शक्य नव्हते. मॅसॅच्युसेट्स राज्याचे तरुण सिनेटर एडवर्ड केनेडी, म्हणजे मृत अध्यक्षांचे धाकटे भाऊ, यांनी १९६७ साली सामाजिक सुरक्षा कायद्याला एक दुरुस्ती सुचवली. ती मंजूर झाली आणि २ जानेवारी १९६८ रोजी त्या दुरुस्त्यांवर सही झाली. कलम १९०८. राज्याला मेडिकेडचा पैसा हवा असेल, तर १ जुलै १९७० पर्यंत त्या राज्याने शुश्रूषागृहांच्या कारभाऱ्यांना परवाना देण्याची व्यवस्था केलीच पाहिजे, आणि परवानाधारक कारभाऱ्याशिवाय राज्यातले कुठलेही शुश्रूषागृह चालता कामा नये, असा त्याचा आशय.

इथे जरा थांबायला हवे. अमेरिकेत धंद्याचे परवाने हा घटक राज्यांचा अधिकार. मध्यवर्ती सरकारने त्यात हात घालायचा नाही, अशी जुनी रीत. केनेडींच्या दुरुस्तीने हात घातला नाही. पैशाची थैली दाखवली. आपल्याकडे केंद्राच्या योजनेचे अनुदान हवे असले की राज्याला अटी पाळाव्या लागतात, तसाच हा प्रकार. परवाना राज्याचा, मंडळ राज्याचे, परीक्षा राज्याची. पण हे सगळे करायला लावणारे बळ दूरच्या तिजोरीचे. व्यवसायांच्या इतिहासात हे फार क्वचित घडते. डॉक्टरांनी, वकिलांनी, दंतवैद्यांनी आपापल्या परवान्यासाठी स्वतः खटपट केली होती, कारण परवान्यामुळे भोंदू बाहेर राहतात आणि प्रतिष्ठाही वाढते. शुश्रूषागृहांच्या कारभाऱ्यांपैकी काहींनी १९६२ साली आपले एक ‘कॉलेज’, म्हणजे व्यावसायिक मंडळ, स्थापन केले होते हे खरे. पण पन्नास राज्यांत एकदम परवाना आला तो त्यांच्या मागणीने नव्हे. तो वरून लादला गेला.

त्या कलमाने केलेली कारभाऱ्याची व्याख्या मला फार मार्मिक वाटते. शुश्रूषागृहाचा सर्वसाधारण कारभार ज्याच्याकडे सोपवला आहे तो कारभारी. मग त्या घरात त्याची मालकी असो वा नसो, आणि त्याच्या कामात आणखी कोणी वाटेकरी असो वा नसो. म्हणजे पळवाटा आधीच बुजवल्या. ‘मी फक्त मालक आहे, बघते ती अमुक बाई’ हे चालणार नाही. ‘मी पगारी नोकर, मालकाला विचारा’ हेही नाही. एक नाव पाहिजे. ते नाव परवान्यावर पाहिजे.

राज्याच्या मंडळाने काय करायचे हेही कायद्याने सांगितले होते. चांगले चारित्र्य आणि संस्थेच्या कारभाराचे शिक्षण वा अनुभव या गोष्टींची कसोटी ठरवायची, परीक्षा घ्यायची, परवाना द्यायचा, कारण घडले तर तो तहकूब किंवा रद्द करायचा, आणि तक्रारी आल्या तर चौकशी करायची. कागदावर सुंदर.

पण १९७० साली जे हजारो लोक आधीपासून खुर्चीवर बसले होते त्यांचे काय? कोणी वीस वर्षे घर चालवलेले, कोणी मालकाचा मेहुणा म्हणून लागलेला. दोघांनाही एकदम परीक्षेला बसवायचे म्हणजे देशभर गोंधळ. म्हणून सवलत ठेवली. आधीच्या वर्षात काम केलेल्यांना चारित्र्य सोडून इतर अटींतून जास्तीत जास्त दोन वर्षे सूट द्यावी, पण तेवढ्या काळात त्यांच्यासाठी शिक्षणाचे वर्ग चालवावेत. असे वर्ग निघाले. पन्नाशीतली माणसे वही-पेन्सिल घेऊन बाकावर बसली. जन्मभर शिकवण्याच्या धंद्यात असल्यामुळे मला त्यांचे कौतुकच वाटते.

दुसरी अडचण अधिक खोल होती. मंडळावर बसायचे कोणी? जाणकार माणसे हवीत. आणि शुश्रूषागृहांची जाण शुश्रूषागृहे चालवणाऱ्यांनाच. साहजिकच पुष्कळ राज्यांत ज्यांना तपासायचे तेच तपासनीस झाले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे मी म्हणणार नाही. त्यांत सज्जन लोकही होते. पण आपल्याच व्यवसायबंधूचा परवाना काढून घेताना हात अडखळतो, हा मनुष्यस्वभाव आहे. मग मध्यवर्ती सरकारने नियम केला, की मंडळात कोणत्याही एका व्यवसायाचे वा एका प्रकारच्या संस्थेचे बहुमत असता कामा नये, आणि संस्थांचे प्रतिनिधी नसलेल्या सदस्यांचे शुश्रूषागृहांत आर्थिक हितसंबंध असू नयेत. हा नियम आजही पुस्तकात आहे. १९७१ साली राज्यांच्या मंडळांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली, आणि तिची लेखी परीक्षा आज देशभर चालते. परीक्षेशिवाय बहुतेक राज्ये पदवी आणि अनुभवी कारभाऱ्याच्या हाताखालची उमेदवारी मागतात. परवाना टिकवायला पुढेही अभ्यासवर्ग करावे लागतात. कुठे उमेदवारीचे तास जास्त, कुठे कमी. राज्य बदलले की अटी बदलतात.

आपल्याकडचाही एक धागा इथे जोडण्यासारखा आहे. मुंबई प्रांताने १९४९ साली शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्रात तो आजही आहे. त्याचा नमुना १९२७ च्या इंग्लिश कायद्याचा. त्यात इमारतीबरोबर माणसाचाही विचार होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्ज करणारा किंवा नोकरीत असलेला माणूस त्या कामाला योग्य नसेल, अथवा घर पात्र डॉक्टरच्या वा पात्र परिचारिकेच्या ताब्यात नसेल, तर नोंदणी नाकारता येते. सुरुवातीला वर्णन केलेल्या दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्याला हे बरोबर लागू पडते. परंतु अमेरिकन अर्थाची जी शुश्रूषागृहे, म्हणजे खाटेवर पडलेल्या वृद्धांना कायम सांभाळणारी घरे, ती आता आपल्या शहरांतूनही निघाली आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा मध्यवर्ती कायदा २००७ साली झाला. निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत काढावेत, असे त्यात म्हटले आहे. पण ते चालवणाऱ्याने परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, असे तो कायदा म्हणत नाही. म्हणजे या बाबतीत आपण साधारणपणे १९५३ च्या अमेरिकेइतके पुढे आहोत, खाटा मोजण्यापर्यंत.

अमेरिकेत तरी परवाना आल्यावर सगळे सुरळीत झाले का? मुळीच नाही. नव्या पद्धतीची मुदत भरायला सहा महिने उरले असताना, ९ जानेवारी १९७० रोजी, ओहायोतल्या मरीएटा गावच्या हार्मार हाऊस या शुश्रूषागृहात तीसहून अधिक माणसे धुराने गुदमरून मेली. ही इमारत जुनाट नव्हती, नव्या पद्धतीने बांधलेली होती. आग लागलेल्या खोलीचे दार उघडे राहिले आणि जमिनीवरच्या सतरंजीने धूर पसरवला. भिंती शाबूत राहिल्या, माणसे गेली! १९७१ साली अध्यक्ष निक्सन यांना शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. १९७४ साली मॉस यांच्या उपसमितीचा मोठा अहवाल निघू लागला. त्याच्या शीर्षकातच सार्वजनिक धोरणाचे ‘अपयश’ हा शब्द होता. १९८७ साली आणखी एक कायदा झाला, आणि शुश्रूषागृहात राहणाऱ्या माणसाला हक्क मिळाले. विनाकारण बांधून न ठेवले जाण्याचा, तक्रार करण्याचा, आपल्या उपचारांत मत देण्याचा. वस्तुतः या हक्कांपासूनच सुरुवात व्हायला हवी होती.

परवान्याची मर्यादा कुठे आहे? मला वाटते, ती तिजोरीपाशी आहे. १९६७ च्या व्याख्येने कारभाऱ्याला मालकापासून वेगळे काढले आणि जबाबदारीचे नाव त्याच्या गळ्यात घातले. त्या वेळी पुष्कळदा मालक आणि कारभारी एकच असे, निदान एकाच गावात राहत. आज अमेरिकेत सुमारे पंधरा हजार शुश्रूषागृहे आहेत, त्यांतली दहापैकी सात नफ्यासाठी चालतात, आणि कित्येकांचा मालक म्हणजे दूरच्या शहरातली कंपनी, तिच्यामागे दुसरी कंपनी, जमीन तिसरीच्याच नावे. रात्रपाळीला दोन माणसे वाढवायची तर कारभाऱ्याने वरच्या साहेबाकडे मागणी करायची, आणि साहेबाने आकडे पाहून नकार द्यायचा. उद्या काही विपरीत घडले तर परवाना जाणार कोणाचा? ज्याच्याकडे परवाना आहे त्याचा. साहेबाला परवानाच नाही, तर जाणार काय! कारभाऱ्याजवळ जबाबदारी आणि दुसऱ्याजवळ किल्ल्या, ही पेशवाईतही न टिकलेली व्यवस्था आहे. शुश्रूषागृहाचे मालक नेमके कोण, गुंतवणूक करणाऱ्या कंपन्या कोणत्या, हे जाहीर करायला लावणारा अधिक कडक नियम मध्यवर्ती सरकारने केला तो २०२३ साली.

एवढे असूनही परवाना निरर्थक आहे, असे कोणी म्हणू लागले तर मी त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावची हकीकत सांगेन. तिथे वृद्ध माजी सैनिकांचे एक सरकारी गृह आहे. राज्याचेच गृह, त्यामुळे त्याच्या प्रमुखाला कारभाऱ्याचा परवाना सक्तीचा नव्हता. खासगी घर चालवणाऱ्याने परीक्षा द्यायची आणि सरकारी घर चालवणाऱ्याला ती माफ! २०२० च्या वसंतात तिथे प्रमुख असलेले गृहस्थ निवृत्त लष्करी अधिकारी होते. शुश्रूषागृहाच्या कारभाराचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता आणि आरोग्यसेवेचा अनुभवही नव्हता. कोविडची साथ आली. माणसे आजारी पडू लागली, कामाला हात कमी पडले, आणि २७ मार्च रोजी स्मृतिभ्रंश झालेल्या सैनिकांचे दोन विभाग एकाच विभागात हलवण्यात आले. बाधित आणि निरोगी, खाटेला खाट लावून. पुढच्या आठवड्यांत त्या गृहातले किमान ७६ जुने सैनिक मेले. दुसऱ्या महायुद्धातून जिवंत परत आलेली माणसे त्यांत होती.

राज्याच्या गव्हर्नरांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल जूनमध्ये बाहेर आला. दोन विभाग एकत्र करण्याच्या निर्णयावर त्याने अत्यंत कठोर टीका केली, आणि अशी संस्था चालवण्याची पात्रता त्या प्रमुखाजवळ नव्हती, परवाना नव्हता, याची स्पष्ट नोंद केली. परवानाधारक माणूस खुर्चीवर असता तर एकही जीव गेला नसता, असे म्हणता येणार नाही. परवानाधारकांच्या घरांतही त्या वर्षी माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. पण आजारी आणि निरोगी यांना वेगळे ठेवावे, हा या व्यवसायाच्या शिक्षणातला अगदी पहिल्या इयत्तेचा धडा आहे. परीक्षेत तो विचारतात.

ज्या एडवर्ड केनेडींनी १९६७ साली ही दुरुस्ती आणली, ते याच राज्याचे सिनेटर. त्यांच्या कायद्याने पन्नास राज्यांतल्या कारभाऱ्यांना परवाना घ्यायला लावला, आणि त्यांच्याच राज्यात, राज्याच्याच छपराखाली, एक खुर्ची तशीच राहून गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने नवा कायदा केला. माजी सैनिकांच्या सरकारी गृहांचा प्रमुख हा शुश्रूषागृहाचा परवानाधारक कारभारीच असला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. मृतांच्या नातेवाइकांच्या दाव्यात राज्याने त्याच वर्षी ५ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. होल्योकच्या गृहाचे नावही २०२३ साली बदलले, आणि जुन्या इमारतीशेजारी नवी इमारत उभारण्याचे काम सुरू झाले. तिच्यात प्रत्येक सैनिकाला स्वतंत्र खोली आहे.